मोह बांधला

१९ मार्च
सकाळी सगळ्यांची खबर घेतली. यांचा गुडघा बरा. सुनेचा ताप उतरला. बकरीनं पाला खाल्ला. रंजूचं तेवढं विचारू नये, भाकर अर्धीच ठेवते. बहिणीची पोर. नागपूरला झाडांची पीएचडी करते. मोहाचं फूल वटवाघळाशिवाय फळतं का, हे शोधायचं आहे म्हणे. नाल्यावरच्या मोहांच्या काही फांद्यांना जाळीच्या पिशव्या घातल्या. टोळ, म्हणजे फळ, धरेपर्यंत काढायच्या नाहीत. काढल्या की वर्ष गेलं. मोह काय दोनदा फुलतो?

२२ मार्च
बोरिंगवर शेजारच्या शांताबाईनं विचारलं, "काय करून राहिली वं पोरी जंगलात?"
रंजू हसत म्हणाली, "मोह बांधला, मावशी."
हंडा भरून वाहत होता, कोणी हात लावला नाही.
तिच्या कॉलेजात बांधणं म्हणजे पिशवी घालणं. आमच्याकडे बांधणं म्हणजे करणी. बांधलेली म्हैस आटते, बांधलेल्या बाईची कूस... नको लिहायला. घरी तिला सांगितलं.
"मोठीमाय, आजकाल कोन मानते हे?"
"मानत नाही ते बी घाबरतेत, बाई."

२५ मार्च
मोहाची फुलं कमी पडली. टोपल्या अर्ध्याच. चार दिवस ढग होते, ढगात फूल कमी गळतं, सगळ्यांनी पाहिलं. तरी शांताबाई दारातूनच, "तुह्या भाचीले सांग, सोड म्हना." बस. भांडली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी बसलेली बाई.
हे म्हणाले, "काढून टाका पिशव्या. बला टळली."
रंजू म्हणते, "काढल्या तं लोक म्हनतीन, खरंच बांधला होता म्हनून सोडला."
खरं आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

२८ मार्च
पोरीनं मला न सांगता शांताबाईलाच नाल्यावर नेलं. "चाल मावशी, तूच पाह्य." सुपातले तांदूळ तसेच राहिले माझे, डोळे वाटेकडे. आल्या. शांताबाईनं तिथं जाळीतून पाहिलं होतं, फुलं गळून पिशवीतच सुकलेली.
"म्हंजे झाड देत होतं. तूच अडवून ठेवलं."
रंजूला हसू आलं. मला नाही.

३० मार्च
रंजू सरांना भेटायला नागपूरला गेली. पिशव्या झाडावर, मी इथं. शांताबाईच्या आंगणात बाया बसल्या होत्या. मी गेले तशा एकेक करत उठल्या.
रंजूला मोबाईलवर लिहिलं ते इथंही उतरवते: पोचलीस का? पूर्ण भाकर खा. पिशव्या जागच्या जागी आहेत, असं शांताबाई स्वतः नाल्यावर पाहून येऊन सांगते. मी विचारलं नव्हतं. यायचं की नाही, तुझं तू ठरव, पण लवकर दोन ओळी लिही, बाई.