दुपारी दोनला जाणारी रेंज

३ मार्च, सोमवार
परत डाऊन! टेकडीवरचा टॉवर दोन वाजून दहा मिनिटांनी गेला, साडेचारला आपोआप आला. सलग पाचवा दिवस. धुळ्याहून हितेंद्र सरांचा फोन – "संघमित्रा मॅडम, बॅटऱ्या जानेवारीत तुम्हीच बदलल्या ना? लाईट गेली तरी चार तास चालायला पाहिजे."
पाहिजे. तेच तर कळत नाही.
पिंपळनेरला येऊन सहा महिने झाले. दिवसभर फोन वाजतो – टॉवरचा अलार्म, नाहीतर सर. तिसरं कोणी नाही.

५ मार्च
वाईट झालं. टॉवरखालच्या शेतात काल तीनच्या सुमारास वनाआबा कोसळले. अर्धांगवायू. सोबत बायको बेबाबाई, एकटीच. रेंज नाही – ॲम्ब्युलन्स कशी बोलावणार? बिचारी सडकेपर्यंत पळत गेली, जीप अडवली. दवाखान्यात पोचायला दोन तास. जीव वाचला, उजवी बाजू गेली.
चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं. मग माझ्या हत्यारांच्या बॅगेकडे बघून – "तुम्ही टॉवरवाल्या ना?"
हो म्हणाले. तो कप विसळायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

६ मार्च
जेवण गेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार
सकाळपासून साइटवर ठाण मांडून बसले. जाळीच्या कुंपणात मी आणि पंख्याची घरघर. बाराला बेबाबाई चारा न्यायला आल्या. मी तोंड लपवणार होते, पण त्याच जवळ आल्या. काय बघतेस, त्यांनी विचारलं. सांगितलं.
"दोन वाजनात का लाईन मरी जास, पोरी. बठ्ठासन्या मोटरी एकदम चालू!"
बरोबर होतं त्यांचं. सगळ्यांच्या शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि मीटरवर व्होल्टेज दीडशेवर आलं. एवढ्या कमी व्होल्टेजला टॉवरला वीज पुरवणारा रेक्टिफायर स्वतःच बंद पडतो. त्यानंतर टॉवरचा भार बॅटऱ्यांनी घ्यायचा. घेतला – सहा मिनिटं. मग सगळे दिवे गेले.
बॅटऱ्या भरलेल्या होत्या. केबलच्या टोकाला हात लावला – चटका! झाकण काढलं. नट नुसता बोटानं फिरत होता; ढिला जोड तापायचा आणि बॅटऱ्यांची वीज तुटायची.
हा नट मी लावला होता. जानेवारीत, दिपमालाच्या साखरपुड्याच्या दिवशी. पाचोऱ्याची गाडी गाठायची होती. पाना फिरवायचा राहिला. गाडी चुकलीच. बहिणीचा साखरपुडा फोनवर बघितला.
टोक घासून साफ केलं, नट आवळला. दहा वेळा तपासला.

१० मार्च, सोमवार
तीन दिवस टॉवर एकदाही गेला नाही. सर खूश. "शाब्बास! रिपोर्टमध्ये लिहा, लाईनचं व्होल्टेज कमी. वीजवाले बघतील." खोटं नाही. खरंही नाही.
बाबांना फोन लावला. "कशी आहेस?" म्हणाले. "मजेत." बोलणं संपलं.

११ मार्च
रिपोर्ट पाठवला. नटाचं लिहिलं. माझं नावही लिहिलं. सरांचा फोन आला नाही.

१२ मार्च, बुधवार
वनाआबांच्या घरी गेले. ते खाटेवर, भिंतीकडे तोंड करून झोपलेले. ओट्यावर बेबाबाईंना सगळं सांगितलं – अक्का, नट माझ्या हातून ढिला राहिला, म्हणून रेंज नव्हती. शिव्या देतील वाटलं. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग खाटेकडे बघत, हळूच –
"मना फोन त्या दिन घरमाच व्हता, पोरी. चार्जिंगले. सुरतहून पोऱ्या चिडना – फोन का नई कया? मी सांगं, रेंज नव्हती. मंग बठ्ठासले तेच सांगं."
त्यांनी माझा हात धरला. सोडला नाही.