शेंग मीच

२ फेब्रुवारी, रविवार
नवी डायरी. संकल्प तीन. रोज लिहायचं. संध्याकाळनंतर बिस्किटं बंद. आणि यंदा फॅन क्लबांच्या मेळाव्यातली शील्ड आणायचीच.

डायरी खाजगी आहे. तरी पुढेमागे इतिहासाला लागलीच, तर नोंद असावी. भोपळा आणि शेंग म्हणजे जुन्या मूकपटांतली महान जोडी. भोपळा जाडा, बावळट. शेंग सडपातळ, चपळ, बुद्धिमान. आमच्या फॅन क्लबात पहिल्यापासून शेंग मी करतो. भोपळा टेलर करतो, पोटाला उशी बांधून. टेलर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, गल्लीच्या तोंडाशी दुकान. अंगाने काडी. उशीशिवाय त्याला भोपळा कोण म्हणणार?

आज मीटिंग त्याच्याच दुकानात. भिंतीला अस्तराचं पांढरं कापड टाचून गादीचा सिनेमा पाहिला. दोघं डबलबेडची गादी अरुंद जिन्यावरून वर नेतात. म्हणजे नेत नाहीत. शेंग वरून हुकूम सोडतो, भोपळा खालून ढकलतो, आणि शेवटी गादी दोघांच्या डोक्यावर. मेळाव्यात प्रत्येक क्लबाच्या जोडीने हाच सीन करायचा असतो. मी इतका हसलो की खुर्ची मोडली. हल्ली खुर्च्यांत दम राहिला नाही.

दुकानात खुंटीला एक कोट लटकत होता. कोट कसला, तंबूच! कुणा गिऱ्हाइकाचा असणार. बिचारा. टेलरला म्हटलंसुद्धा, काय रे, हत्तींची मापं कधीपासून घ्यायला लागलास? तोंडात टाचण्या होत्या त्याच्या.

९ फेब्रुवारी, रविवार
घात झाला.

मेळाव्याच्या कपड्यांसाठी माप द्यायला गेलो. टेलरने कमरेभोवती टेप घातली. पाठीमागून पुढे आणेपर्यंत धापा टाकायला लागला. वय झालं त्याचं. मग म्हणाला, यंदा अदलाबदल करू या. तू भोपळा, मी शेंग. विचारलं, का? तर म्हणे, तुला उशी लागणार नाही.

उशी लागणार नाही! हा मित्र! मी म्हटलं, माझा शेंगेचा कोट मला अजून बसतो. तो म्हणाला, एकदा कोटालाही विचार.

जागच्या जागी राजीनामा दिला. टेलर, अरे ऐक तर खरं, करत दारापर्यंत आला. आमच्या क्लबाची एक सलामी आहे. येता-जाता दोघांनी एकमेकांच्या डोक्यावरची टोपी उचलायची. सिनेमात ते दोघं करतात तशीच. टेलरने माझ्या टोपीकडे हात नेला. मी डोकं मागे घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बरं वाटलं. निदान कोपऱ्यापर्यंत तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार
नवा क्लब काढला. अस्सल भोपळा-शेंग रसिक मंडळ. अध्यक्ष मी. जुन्या क्लबातले सगळे मनाने माझ्याकडेच आहेत. शरीराने अजून कोणी आलेलं नाही.

सकाळी ग्रुप केला. सगळ्यांना ॲड केलं. दुपारपर्यंत सगळे लेफ्ट. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. हिलाही ॲड केलं होतं. ही म्हणाली, अहो, आपण एकाच घरात राहतो, मला काय सांगायचं ते तोंडाने सांगा. तीही लेफ्ट.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
वजनकाटा बिघडलाय. मी सेल्समन आहे त्या गाद्यांच्या शोरूममध्ये पॅन्टचं बटण उडालं, नेमकं गिऱ्हाइकाला स्प्रिंगची गादी किती उसळते ते दाखवताना. गिऱ्हाइकाने बटण शोधून हातात दिलं. गादी मात्र घेतली नाही.

घरी येऊन हिला सांगितलं, वॉशिंग मशीन कपडे आटवतंय, मेकॅनिक बोलाव. ही म्हणाली, त्याच मशीनमध्ये माझेही कपडे जातात, ते नाही आटत. म्हणजे मशीनही पक्षपाती निघालं. सगळं जग टेलरला सामील आहे.

बिस्किटं बंद आहेत. केकबद्दल संकल्पात काही लिहिलेलं नाही, आत्ताच मागे जाऊन पाहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
भोपळा मिळाला! हिचा धाकटा भाऊ. सडसडीत आहे, पण उशी बांधली की झालं. गादीवर स्टाफ डिस्काउंट देईन म्हटल्यावर लगेच हो म्हणाला. शिवाय पॅकर्स-मूव्हर्समध्ये सुपरवायझर आहे, रोज सामान चढवतो-उतरवतो. मला कशी माणसं बरोबर हेरता येतात, हे टेलरला कळायला हवं होतं.

दोघांनी गादीचा सिनेमा पाहिला. मेव्हणा एकदाही हसला नाही. शेवटी म्हणाला, भाऊजी, ह्यांनी दोरी का नाही वापरली?

२३ फेब्रुवारी, रविवार
रिहर्सल. आमच्याच बिल्डिंगचा जिना. शोरूममधून डिस्प्लेची गादी आणली, प्लास्टिकसकट. मॅनेजरला सांगितलं नाही, उगाच त्याच्या डोक्याला ताप नको.

मी वर उभा राहिलो. शेंगेसारखी मान तिरकी केली. हुकूम दिला, ढकल! मेव्हण्याने खिशातून दोरी काढली, गादी कमानीसारखी वाकवली, बांधली, पाठीवर घेतली आणि मला म्हणाला, भाऊजी, जरा बाजूला व्हा. मला बाजूला होता आलं नाही, जिना फार अरुंद बांधलाय. तर त्याने मला एका खांद्याने हलकेच भिंतीला टेकवलं आणि गेला वर. सीन संपला.

मी म्हटलं, अरे, गादी अडकली पाहिजे. म्हणाला, माझ्या हातून कशी अडकेल? पुन्हा केलं. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी मी गयावया केली, निदान एकदा तरी पड. तो दुखावला. भाऊजी, म्हणाला, कंपनीत माझं रेकॉर्ड आहे.

जिन्यात जमलेले शेजारी टाळ्या वाजवत होते. एकाने तर मेव्हण्याचा नंबर घेतला. हसलं कोणीच नाही.

२ मार्च, रविवार
मंडळाची पहिली जाहीर सभा. उपस्थिती: मी. नियमाप्रमाणे सलामीने सुरुवात करायची, पण सलामीला दुसरं डोकं लागतं. हिला विचारलं. म्हणाली, माझे हात पिठात आहेत. आरशासमोर उभा राहून स्वतःचीच टोपी उचलली. आरसाही बिघडलाय. कडेचं काही मावतच नाही त्याच्यात.

संध्याकाळी फिरायला गेलो. टेलरचं दुकान टाळून पलीकडच्या फुटपाथने. टाळताना नीट पाहावं लागतं म्हणून पाहिलं. शटर अर्धं खाली होतं. आत भिंतीवर तेच पांढरं कापड, त्यावर गादीचा सिनेमा, आणि समोर टेलर एकटाच स्टुलावर बसलेला. भोपळा गादीसकट धाडकन खाली आला, तरी गडी हसला नाही. शेजारी दुसरं स्टूल होतं. रिकामं. पक्कं, लोखंडी. नवीन आणलेलं दिसलं.

घरापर्यंत पाय ओढत आलो. भुकेने असणार.

घरी आल्यावर ही म्हणाली, टेलरभाऊजींनी मेळाव्याच्या यादीत त्यांच्या नावापुढची जागा रिकामीच ठेवली आहे म्हणे. म्हटलं, ठेवू दे. कोण येणार त्याच्याबरोबर? त्याच्या क्लबात एक ना धड, भाराभर चिंध्या!

८ मार्च, शनिवार
मेव्हण्याचा फोन. उद्या एका डॉक्टरांचं घर हलवायचंय, तीन मजले, पियानोसह. भाऊजी, पियानो मला सोडता येणार नाही. गेला पियानोकडे. आजकाल माणसांना कलेची किंमत नाही.

हरकत नाही. दोन्ही भूमिका मीच करणार. शेंग तर मी आहेच. भोपळ्याचा थोडा अभिनय करावा लागेल. कठीण आहे, पण कलावंताला शरीर आड येत नाही.

९ मार्च, रविवार. संध्याकाळ
मेळावा झाला. जमेल तसं लिहितो, खांदा दुखतोय.

हॉल खच्चून भरलेला. सगळे टोप्या घालून, सगळे एकमेकांच्या टोप्या उचलतायत. माझ्या डोक्याकडे कोणी हात केला नाही. कुठल्या क्लबाचा ते कळत नसेल.

रंगमंचावर लाकडी जिना. मी शेंगेचा कोट चढवला. श्वास आत घेतला की बसतो, फक्त मग बोलता येत नाही. मूकपटच आहे, चालतं. गादी खाली ठेवून वर गेलो, हातानेच हुकूम दिला. मग खाली धावलो, ढकललं. मग पुन्हा वर जायला निघालो, तर मधे गादी. गादी आणि कठडा यांच्यात शिरलो. अर्धाच शिरलो.

तेवढ्यात पाठीवर टर्रर्र! कॉलरपासून खालपर्यंत. हॉल एकदम शांत. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. तोंड गादीत रुतलेलं. नाक प्लास्टिकला चिकटलेलं. मनात आलं, आता मेव्हणा असता तर. मग खरं काय आलं ते लिहितो, ही कुठे डायरी वाचते? मनात आलं, टेलर असता तर.

कुणीतरी पायऱ्या चढून आलं. पाठीला बोट लागलं. टाचण्या टोचून खरबरीत झालेलं बोट ते, मी लाखात ओळखेन. त्याने माझ्या अंगावरच्या कोटाच्या दोन फाकी दोन बाजूंनी काढून घेतल्या, पिशवीतून एक कोट काढला आणि अडकल्या जागी माझ्या अंगात चढवला. तंबू! खुंटीवरचा! लोक हसायला लागले. मग तो गादीवरून सरपटत वर गेला, मान तिरकी केली आणि बोट दाखवून हुकूम सोडला. उजवीकडे! मी उजवीकडे गेलो. तुझ्या नाही, माझ्या उजवीकडे! मी ढकललं, त्याने ओढलं, आणि गादी, मी, टेलर, कठडा, सगळं एकावर एक खाली. मी सर्वांत तळाशी.

असं हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेत ही रुमाल तोंडात कोंबून हसत होती. गादीखाली मीही हसत होतो, थांबवता येईना. तेवढ्यात गादीची एक कड उचलली गेली. टेलरचं डोकं आत आलं. हात पुढे केला. या वेळी मी डोकं मागे घेतलं नाही. तशी जागाही नव्हती, पण असती तरी घेतलं नसतं. त्याने माझी टोपी उचलली, मी त्याची.

शील्ड आम्हाला. वर खास बक्षीस, सर्वोत्कृष्ट भोपळा. मी टेलरच्या पाठीवर थाप मारली, जा, घे. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

१० मार्च, सोमवार
अस्सल मंडळ जुन्या क्लबात विलीन केलं. अध्यक्षांनी विरोध केला नाही. डिस्प्लेची गादी मॅनेजरला सापडली. पगारातून कापणार आहे. प्लास्टिकवर नाकाचा ठसा उमटलाय म्हणे.

संध्याकाळी टेलरच्या दुकानात लोखंडी स्टुलावर बसलो. जराही कुरकुरलं नाही. त्याला विचारलं, तो तंबू माझाच होता ना? भांडणाच्या आधीपासूनचा? म्हणाला, हो. म्हटलं, माप न घेता? म्हणाला, तुला रोज बघतोय ना. आणि काळजी करू नकोस, पुढच्या मेळाव्यासाठी दोन बोटं सैल ठेवलाय.

मला एकदम भरून आलं. एवढी पुढची काळजी कोण करतं?

घरी येऊन कोट पुन्हा घातला, बटणं लावली. ती दोन बोटं खूप शोधली. सापडली नाहीत.