पळालेल्या जहाजाचे अर्धे गुण

आई, तुमच्या मुलाशी लग्न होऊन मी ठाकुर्लीला आले तेव्हा माझ्या सामानात एक मोठा पत्र्याचा डबा होता. तुम्हाला वाटलं, फराळाचं असेल. उघडला तर आत बोटाएवढी करडी अंतराळजहाजं निघाली. पहिल्या रविवारी मी जेवायच्या टेबलावर काळं कापड अंथरून ती मांडली, तेव्हा म्हणालात, "जिथे जेवतो तिथे लढाया मांडू नयेत." तुमच्या मुलाला या खेळात रस नव्हता आणि माझ्याशी खेळणारी मैत्रीण बंगळूरला गेलेली, म्हणून मी एकटीच दोन्ही बाजू खेळत होते. तुम्ही मेथी निवडत समोर बसलात. थोड्या वेळाने विचारलंत, "पलीकडची कोण चालवतंय?" मी म्हटलं, मीच. "मग हरणार कोण?" असं म्हणून तुम्ही परात बाजूला सारलीत.

खेळ तसा सोपा. प्रत्येक जहाजाचं एक कार्ड, कार्डावर चौकोन. फासे टाकायचे, नेम लागला की समोरच्या जहाजाचा एक चौकोन खोडायचा. शेवटचा चौकोन खोडला की जहाज नष्ट, त्याचे गुण समोरच्याला. तुमचं पहिलं जहाज गेलं तेव्हा मी ते उचलून डब्यात टाकलं, तर तुम्ही माझा हातच धरलात. "अगं, उचललंस कशाला?" "फुटलं ते, आई." "फुटलं तर तुकडे तरी राहतील ना. असं नाहीसं कसं होईल?" मग मी सांगितलं, की प्रत्येक खेळात हे वेगळं असतं. काहींत जहाज लगेच उचलतात. काहींत त्याचा स्फोट होतो आणि शेजारच्यांनाही इजा होते, मग ते आपलं असो की शत्रूचं. आणि काहींत मेलेलं जहाज शेवटच्या वेगाने त्याच दिशेला वाहत राहतं, बाकीच्यांनी त्याला चुकवत जायचं. तुम्हाला हे शेवटचं पटलं. त्या दिवसापासून आपल्या टेबलावर मेलेली जहाजं उलटी ठेवून पुढे सरकवायची असं ठरलं. तुमचीच जिवंत जहाजं त्यांच्यावर जाऊन आदळायची, पण तुम्ही तक्रार केली नाहीत.

आपलं वाजलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. जहाज फार जखमी झालं की तुम्ही ते वळवून सरळ टेबलाच्या कडेबाहेर न्यायचात. मी म्हटलं, नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, कडेबाहेर गेलेलं जहाज नष्ट धरतात, पूर्ण गुण समोरच्याला. तुम्ही चष्मा काढलात. "पळून गेलेलं मेलेलं कसं?" मी समजावलं, की नाहीतर जरा मार बसला की कुणीही पळेल. "पळू दे की. सगळे पळत नाहीत." आणि मग गुण मोजता मोजता, फोनवर नंबर सांगावा तशा आवाजात म्हणालात, "खडवलीच्या घरातून मी याला कडेवर घेऊन निघाले, तेव्हा सासऱ्यांनी गावभर सांगितलं, ती आम्हाला मेली. मेले होते का मी? वर्षभरात कल्याणला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले." आतल्या खोलीत तुमच्या मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला. तुम्ही चहा ठेवायला उठलात. परत आलात तेव्हा मी म्हटलं, "अर्धे गुण?" तुम्ही म्हणालात, "चालेल." पळालेली जहाजं डब्यात जायची नाहीत, शेजारी एका वाटीत बसायची. खरं तर तो नियम मला तेव्हा पटला नव्हता, कारण त्यानंतर तुम्ही जिंकायला लागलात.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून खेळते. गेल्या महिन्यात टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये आमच्या ग्रुपची स्पर्धा होती आणि मी पंच होते. कॉलेजातली एक मुलगी आपलं शेवटचं जहाज कडेबाहेर घेऊन गेली. समोरचा मुलगा म्हणाला, "रूल आहे मॅडम, फुल पॉइंट्स माझे." ती कार्ड माझ्यापुढे धरत म्हणाली, "पण एक बॉक्स बाकी आहे ना? शिप वाचलंय माझं." मी कार्ड बघितलं. एक चौकोन कोरा होता. मी निकाल त्या मुलाच्या बाजूने दिला. पुस्तकात तसंच आहे आणि खेळ सुरू असताना नियम बदलता येत नाही. ती म्हणाली, "मग रूल चुकीचा आहे," आणि जहाजं आवरायला लागली.

बक्षिसं वाटून झाल्यावर आम्ही आयोजक चहाला थांबलो. मी म्हटलं, पुढच्या वेळी पळालेल्या जहाजाचे अर्धेच गुण द्यायचे. लगेच एक जण म्हणाला, "मग सगळेच पळतील." मी म्हटलं, "सगळे पळत नाहीत." मी तेच धरून बसले. बराच वाद झाला. शेवटी एका स्पर्धेपुरतं करून बघू, असं ठरलं. दोघं अजून नाराज आहेत. घरी येऊन तुमच्या मुलाला सांगितलं. तो पोळी मोडता मोडता थांबला आणि "बरं केलंस" एवढंच म्हणाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं. एक मात्र सांगते. हा नियम आणला कुठून, असं सगळ्यांनी विचारलं. तुमचा म्हणून सांगितलं असतं तर खडवलीचंही सांगावं लागलं असतं, आणि ते तुम्ही मला एकदाच सांगितलेलं. मी म्हटलं, नेटवर कुठेतरी वाचला.