वॉर्ड म्हणजे कोण

वेलिंग्टन, १८ जुलै २०१४

ती. सुचित्राताई,

माझा आणि शिरीषचा नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना आता आराम असेल. इकडे थंडी कडक आहे आणि वारा माणसाला उभं राहू देत नाही. मी काम करते त्या पोरिरुआच्या फार्मसीत खोकल्याच्या औषधांना रांग लागते.

निवेदिताच्या लग्नापासून तुम्ही आमचे फोन घेत नाही, म्हणून या पत्राचे फोटो शेजारच्या श्यामलाला पाठवते आहे. ती वाचून दाखवेल. तिला मध्येच थांबवू नका.

आमच्या जावयाचं, ओवेनचं, आडनाव ऐकून तुम्ही विचारलं होतंत, "वॉर्ड? हे आडनाव आहे की हॉस्पिटलातली खोली? कोण लोक, कुठले, काही पत्ता?" निवेदिताला ते फार लागलं. तीही हट्टीच. मी इथल्या फार्मसीच्या परीक्षांच्या मागे होते तेव्हा ती पुण्यात तुमच्याजवळ राहिली, तुमच्याच हातची शिस्त तिला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आज मिळालं. ओवेनचे वडील डेनिस माझ्या शेजारी बसले होते. वेस्ट कोस्टच्या कोळशाच्या खाणीत हयात गेलेला माणूस, एरवी बोलत नाही. बसून बसून वेळ जाईना, तेव्हा मीच आडनावाचा विषय काढला. ते म्हणाले, मूळ आयरिश नाव 'मॅक अन वार्ड', म्हणजे कवीचा मुलगा. राजांच्या पदरी पिढ्यान्पिढ्या कवनं रचणाऱ्यांचं हे आडनाव. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू किंवा वंशज. ओ'ब्रायन म्हणजे ब्रायनच्या वंशातला. पुढे इंग्रज कारकुनांनी कानावर पडलं तसं लिहिलं, पुढचा मॅक गळाला आणि वॉर्ड उरलं. मी सांगितलं, आम्ही पुराणिक, शिरीषचे पूर्वज देवळात पुराण सांगायचे. त्यावर ते थोडं हसले. त्यांच्या घरात कुणी कविता केल्याचं त्यांनी ऐकलेलं नाही, सगळ्यांनी कोळसाच काढला.

मग म्हणाले, "मुलीला मॅक लावत नाहीत, निक लावतात. निक अन वार्ड." आणि टोपी तोंडावर धरून रडायला लागले.

ताई, मुलगी झाली आहे. दोन महिने आधीच आली. काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी आहे. माझ्या तळहातापेक्षा तिचं तोंड कितीतरी लहान आहे. पण तिची नर्स तिच्याबद्दल आशेनं बोलते आहे.

निवेदिताबद्दल मी अजून लिहिलेलं नाही. तिचं बीपी अचानक वाढलं, झटके आले, तातडीनं सिझेरियन करावं लागलं. नंतर रक्तस्राव थांबेना. ती अजून शुद्धीवर नाही, श्वास मशीनवर आहे. मी औषधांतली माणूस; उशाशी लावलेल्या प्रत्येक बाटलीवरचं नाव वाचते आणि जास्त घाबरते. ओवेन तिच्या पायांना मोजे घालून बसला आहे. मोजे पुन्हा पुन्हा सारखे करतो.

आत नेताना तिचा हात माझ्या हातात होता. तिनं "आत्या" अशी हाक मारली. मला नाही मारली.

निवेदिताची नर्स म्हणते, आपण बोललेलं तिच्या कानावर पडत असेल. शिरीषचा फोन तिच्या उशाशी आहे. तुम्ही फोन करा.

विनया

वेलिंग्टन, २७ जुलै २०१४

ती. ताई,

नमस्कार. तुम्ही तिच्याशी काय बोललात ते मी ऐकलं नाही. फोन तिच्या कानाला लावून मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. शिरीष म्हणतो, शाळेला उशीर होतोय, ऊठ, म्हणून तुम्ही रागावत होतात.

ती लगेच काही उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग झोपेचं औषध कमी केलं, घशातली नळी काढली, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि ओवेनला बाळाचं विचारलं. मूत्रपिंडांचं मात्र अजून ठीक नाही. डॉक्टर शब्द तोलून बोलतात. मीही काउंटरवर गिऱ्हाइकांशी तसंच बोलत असते, त्यामुळे मला ते कळतं आणि झोप लागत नाही.

काल तिला चाकाच्या खुर्चीतून पेटीपाशी नेलं. तिनं काचेवर हात ठेवला. मग म्हणाली, "आई, हिचं नाव आत्या ठेवेल. इथे येऊन. फोनवरून नाही."

खरं तर तो मान ओवेनच्या बहिणीचा. आपली रीत सांगितली तर ती म्हणाली, निवेदिताच्या आत्या येणार असतील तर आधी त्याच. आडनाव वॉर्ड लागेल, मधे पुराणिक. ते दोघांनी ठरवलं आहे, त्यात तुम्ही काही बदलू नका. पेटीवर अजून नुसतं 'बेबी वॉर्ड' लिहिलेलं आहे.

व्हिसाचं शिरीष बघतो आहे. विमानाची तुम्हाला भीती वाटते हे मला माहीत आहे. मलाही इथे रोज सकाळी लिफ्टमध्ये शिरताना भीती वाटते, आणि ते मी कुणाला सांगत नाही. तुम्ही आलात तर तुम्हाला सांगेन.

तुमच्या निवेदिताची आई,
विनया