ठमीच्या दाढा

३ ऑक्टोबर

ठमी खात नाहीये! किसलेलं गाजर तोंडात घेते, घोळवते आणि पुन्हा बाहेर टाकते. हनुवटी लाळेने चिंब. गुंड्या मात्र तिच्या वाट्याचंही फस्त करतो.

लेक हॉस्टेलला जाताना हे दोन गिनीपिग माझ्या गळ्यात बांधून गेली. "आई, सुकं गवत भरपूर घाल. लाड नकोत." लाड नकोत म्हणे! ते टोचरं गवत खायला घालू? दादांसाठी रोज सगळं किसते, कुस्करते — त्यांची कवळी कधीची वाटीत पडून आहे, लागतेच कुठे! त्यातलेच दोन घास यांना. माझ्या वडिलांना चालतं, यांना नाही चालणार?

५ ऑक्टोबर

हातात घेतलं तर नुसती हाडं. शिवणकाम तसंच टाकून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी ठमीचं तोंड उघडून आत दिवा धरला. "बघा." पाहिलं — अंगावर काटाच आला! दोन्हीकडच्या दाढा वाढून जिभेवर पूल झालाय. जीभ खाली अडकलेली!

"यांचे दात मरेपर्यंत वाढतात. सुकं गवत चावूनच झिजतात. तुम्ही काय घालता?"

सांगितलं.

"किसून?" एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या भूल देऊन दाढा घासणार. "फार अशक्त आहे. जागी होईलच, असं नाही सांगत."

भरल्या घरात उपाशी मारत होते तिला. मी! लेकीला कोणत्या तोंडाने सांगू?

६ ऑक्टोबर

जागी झाली! दवाखान्यातच रडू फुटलं.

९ ऑक्टोबर

पिचकारीने पातळ भरवते, पुढ्यात गवताचा ढीग. गुंड्यालाही आता गवतच. दादा खुर्ची ओढून बघत बसतात. हल्ली बोलत नाहीत, अर्धं ताट तसंच ठेवतात. वय झालं, दुसरं काय.

आज ठमीने एक काडी ओढली. कुर्रकुर्र! अख्खी आत गेली. इतका गोड आवाज जन्मात ऐकला नव्हता. दादांना सगळं सांगितलं — दाढा, गवत, माझी किसणी.

१० ऑक्टोबर

सकाळी स्वयंपाकघरात करकर आवाज. ठमी सुटली की काय, म्हणून धावले. दादा! तोंडात कवळी, हातात अख्खी काकडी.

"मलाही भूक लागते गं," म्हणाले.