पुलाच्या डाव्या हाताला

५ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. (गुडघ्यांनी संप केलाय, तेव्हा दंडवत मनातल्या मनात मानून घे.)

काल सुखरूप पोचले. तुझ्या कानांपुढे फोनने हात टेकलेत, म्हणून सगळं कागदावर. उतरले आहे बाराखडीकडे. आमच्या नकाशा कचेरीत नकाशावर गावांची नावं लिहायची, ती. अक्षर मोत्यासारखं आणि तोंड गिरणीसारखं, अजूनही. थंडी इतकी आहे की दोन मोजे, दोन स्वेटर आणि वर तिच्या नवऱ्याचा जुना कोट घालून मी जिन्यात अडकते. काल खालच्या मजल्यावरच्या माणसाने मला आजोबा म्हणून वाट दिली.

आता खरी गोष्ट. सरळरेघेची. कचेरीत पट्टी न लावता हातभर रेघ मारायची ती, साहेबसुद्धा उभे राहून बघायचे. ताई, ती विसरायला लागली आहे. मला नाव घेऊन मिठी मारली, कचेरीतल्या सगळ्या खोड्या तारीखवार सांगितल्या, आणि चहा ठेवायला गेली ती हातात झाडू घेऊन परत आली.

तिची लेक दातांची डॉक्टर आहे, पोरगी वाईट नाही. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे आणि आईला इथे एकटी ठेवायची तिला भीती वाटते. वृद्धाश्रमात खोलीही बघून ठेवली आहे. सरळरेघ म्हणते, मला माझ्या दोन खोल्यांतून हलवू नका. शेवटी मायलेकींचं ठरलं ते असं: गुरुवारी सरळरेघेनं आम्हा दोघींना शहर दाखवायचं आणि पाच वाजेपर्यंत स्वतः घरी आणायचं. जमलं, तर एक बाई कामाला ठेवून ती घरीच राहणार. नाही जमलं, तर वृद्धाश्रम.

म्हणजे गुरुवारी तिचं घर आमच्या पायांवर आहे. काय करू, सांग.

तुझी,
धाकटी

८ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ., आणि त्यातला एक तुझ्या गुडघ्यांना.

पत्र वाचून वाईट वाटलं. ती एकदा आपल्याकडे आली होती, तेव्हा माझ्या ओट्यावर पिठात बोट बुडवून सरळ रेघ मारून दाखवली होती तिने. सूनबाई अजून सांगते.

चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला विचारतेस, तर ऐक. परीक्षा तिची आहे. तू खाणाखुणा करायच्या नाहीत, कोपर मारायचं नाही, खोकायचं नाही. तुला चोरी जमतच नाही, लगेच कान लाल होतात. आणि समज, तू सांगून सांगून तिला घरी आणलंस आणि पुढच्या महिन्यात ती एकटीच बाहेर पडून हरवली, तर? तेव्हा गप्प राहा. तिच्यावर विश्वास ठेव.

मफलर डोक्यावरून घे. डोकं झाकायला लाज वाटते, हे तुझं लहानपणापासूनचं आहे.

तुझी,
ताई

१६ जानेवारी

ति. ताईस,
सा. न.

काल रात्री घरी आले. पत्र लिहायला बसले की हात थंड पडतो, आणि आता थंडी तर इकडे नाही.

गुरुवारची सकाळ इतकी छान गेली की मी मनात पेढे वाटून मोकळी झाले होते. सरळरेघ पुढे, आम्ही दोघी मागे. बस बरोबर पकडली, उतरली बरोबर. संग्रहालयात जुन्या होड्या दाखवल्या. एका नकाशासमोर उभी राहून म्हणाली, ही किनाऱ्याची रेघ माझी, आणि खरंच तिची होती. मग काचघरात नेलं. बाहेर धुकं आणि आत दमट ऊब, हाताएवढी पानं. बाराखडीने प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली आणि दोन पाट्यांतल्या चुका राखणदाराला दाखवून त्याचं डोकं खाल्लं. आम्ही पोट धरून हसलो. तिघी पंचविशीतल्या झालो होतो गं.

चार वाजता परत निघालो. नदीवरचा पूल ओलांडला की उजवीकडे तिचं घर, जेमतेम दहा मिनिटं. ती डावीकडे वळली.

तुला आमच्या कचेरीची रीत सांगायला हवी. दुसरीची रेघ चुकत असली तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. टाक कागदावर असताना कुणी नुसतं हं केलं तरी हात हलतो आणि चांगली रेघही जाते. जिची चूक तिलाच दिसू द्यायची, मग तीच पात्याने खरवडून काढते. एकतीस वर्षं आम्ही असं काम केलं. पुलापाशी बाराखडीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती गिरणीसुद्धा बंद. मला वाटलं, आत्ता थांबेल, आत्ता तिच्या लक्षात येईल. त्यात तुझं पत्रही माझ्या खिशात होतं.

पुढच्या चौकात ती थांबली खरी. मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मी हसले. तीही हसली आणि झपाझप पुढे निघाली.

ती कचेरीत चालली होती. कचेरी पाडून आठ वर्षं झाली, तिथे आता गाड्या ठेवतात. फाटक दिसेना म्हणून ती पुढच्या वळणावर गेली, मग त्याच्या पुढच्या. गोदामांच्या भिंतीच भिंती. अंधारलं, बाराखडीला धाप लागली. पाऊण तासाने तिच्या लेकीचा फोन आला आणि बाराखडीला एका गोदामावरची पाटी वाचून दाखवावी लागली. लेक गाडी घेऊन आली. रागावली नाही, ओरडली नाही. आईच्या हातांवर फुंकर घालत बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवारी स्टेशनवर त्या दोघी आणि लेक निरोप द्यायला आल्या. सरळरेघेला सोमवारी नेणार होते. मी खिडकीतून तिचा हात धरला. ती म्हणाली, जेवत जा वेळेवर. गाडी हलली तेव्हा बाराखडी रडत होती आणि सरळरेघ तिची समजूत घालत होती.

काही करता आलं नाही, ताई. काहीच.

तुझी,
धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. गप्प राहा असं सांगणारी मी. वर्गातली अक्कल रस्त्यावर वापरली. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मलाच झोप लागत नाही म्हणून लिहिते.

पण तू बोलली असतीस तरी काय झालं असतं? गुरुवार टळला असता, शुक्रवार आला असता. सूनबाईही तेच म्हणते. तरी मन मानत नाही, हे खरंच.

तिला पत्र लिही. चार ओळी का होईना. फार विचार करत बसू नकोस, नाहीतर तुझा नुसता कागदच पिवळा पडेल.

तुझी,
ताई

(तारीख इथल्या नर्सला विचारून घालीन)

प्रिय धाकटे,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, आनंद झाला. माझी तब्येत ठणठणीत आहे, वजन वाढलंय. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून भिंत दिसते. शेजारच्या बाई दिवसभर मला त्यांची बहीण समजतात, मी पण त्यांचं मन मोडत नाही. लेक दर रविवारी येते, फार वाळली आहे. तिला उगाच काळजी.

आपण काय मजा केली गं! काचघरातली ती पानं मी इथे सगळ्यांना काढून दाखवली. रेघ मारताना हात अजून हलत नाही.

आता माझं एक काम कर. लेक म्हणते, त्या दिवशी मी रस्ता चुकले. मी तिला समजावलं, की अगं, माझ्या मागे कोण होतं? जन्मभर नकाशे काढलेल्या दोघीजणी. चौकात मला जरा शंका आली होती, म्हणून मी मुद्दाम वळून तुमच्याकडे पाहिलं. तू हसलीस. मी चुकले असते तर तू बोलली नसतीस का? पण माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल.

तेव्हा तिला दोन ओळी लिही, की रस्ता बरोबर होता. तेवढं तुझ्या हातचं आलं की मी घरी जायला मोकळी. माझी पिशवी भरलेलीच आहे.

बाराखडीला आठवण. तुझ्या पत्राची वाट बघते आहे.

तुझीच,
सरळरेघ