शहाण्णव यार्ड आणि लाल टोपीवाला

लिंडेल, कॅन्सस
सोमवार सकाळ

प्रिय अर्वेलाताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर इकडे काहीही क्षेम नाही, शनिवारपासून माझं डोकं फिरलेलं आहे. तुझा खुबा कसा आहे? वृद्धाश्रमातली ती मिसेस हुबर अजून तुझ्या खुर्चीत येऊन बसते का? बसत असली तर डेलमर येतोय म्हणून सांग, आपोआप उठेल. तुझ्या भावजयीने, व्हर्नाने, सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी पाठवली आहे, ती फुटकी पोचली की अख्खी ते कळव. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर मी जरा तापलो की तू “डेल, प्रेशरची गोळी घेतलीस का?” विचारतेस. ती घेतलेली नसते. मग मी गोळी शोधायला जातो आणि परत येईपर्यंत भांडणाचा मुद्दाच विसरतो. या वेळी मला विसरायचं नाही, म्हणून पत्र.

ताई, तू शनिवारी सकाळी साडेदहापासून नवा स्वेटर घालून टीव्हीसमोर बसली होतीस, हे मला तिथल्या नर्सने सांगितलं. का नाही बसणार? कोल्बीची आई गेल्यापासून त्या पोराला तू वाढवलंस. चार वर्षं तो कॅल्डर स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे आणि त्यातली तीन त्याने बाकावर काढली (एवढी वर्षं बाक गरम करायला तर कोंबडीसुद्धा बसत नाही). आणि कॅल्डरची मॅच टीव्हीवर येण्याची ही चार वर्षांतली पहिलीच वेळ. तुला बसने एवढ्या लांब नेणं शक्य नाही, म्हणून तुझी सगळी भिस्त त्या काचेच्या डब्यावर. तुला तुझा नातू खेळताना एकदा बघायचा होता. एवढंच मागणं होतं, आणि त्या चॅनेलवाल्यांनी तेवढंही पुरं होऊ दिलं नाही!

त्या चॅनेलचं नाव मी लिहीत नाही, उगाच चांगला कागद कशाला बाटवा. शनिवारी आपल्यासमोर असलेली डेव्हरो युनिव्हर्सिटी ज्या लीगमध्ये खेळते, त्या लीगशी या चॅनेलने दहा वर्षांचा करार केलाय. म्हणजे डेव्हरो जिंकली की यांच्या जाहिराती महाग, हरली की स्वस्त. आणि देशातले पहिले पंचवीस संघ कोणते हे दर मंगळवारी टीव्हीवर कोण वाचून दाखवतं? हेच! आपणच गाय विकायची आणि जत्रेत गाईंना बिल्ला लावायला परीक्षक म्हणूनही आपणच उभं राहायचं. मॅच दुपारी दोनची होती. तीन वाजता त्यांची दुसरी मोठी मॅच दाखवायची म्हणून ती सकाळी अकराला ओढली. कळवलं कधी, तर बारा दिवस आधी. आमच्या चर्चची बस शुक्रवारी दुपारीच काढावी लागली. पाद्रीसाहेबांनी एक लग्न चाळीस मिनिटांत उरकलं (नवरी रडत होती, आनंदाने की घाईने, कुणी विचारलं नाही). आणि मॅचमध्ये काय दाखवलं? व्हर्ना घरी बसून शब्दकोड्याच्या कागदावर दर नावाला एक रेघ ओढत होती. त्या दोन निवेदकांनी कॅल्डरचं नाव सात वेळा घेतलं. डेव्हरोचा डाव चालवणारा तो क्वार्टरबॅक, त्याच्या कुत्र्याचं नाव एकोणीस वेळा! कुत्रा मॅचला आलासुद्धा नव्हता गं!

आता तो लाल टोपीवाला. तुला टीव्हीवर तो कधीच दिसणार नाही, कारण तो मैदानात येतो तेव्हा तुमच्याकडे जाहिराती चालू असतात. चॅनेलचा पगारी माणूस. हाताची घडी घालून मैदानात उभा राहतो, आणि तो उभा आहे तोवर पंचाची शिट्टी वाजवायची टाप नाही. आमची पोरं दोन डाव जरा पुढे सरकली, त्यांच्या अंगात जरा वारं शिरलं, की आला हा. तीन मिनिटं सगळे थंडीत उभे. वारं गेलं, पोरं गारठली, मग हा बाजूला. चौथ्या वेळी मला राहवलं नाही. मी पायऱ्या उतरून कुंपणापाशी गेलो आणि त्याला म्हणालो, लाज नाही वाटत, चांगला धडधाकट माणूस, उभं राहायचे पैसे घेतोस? तर तो शांतपणे म्हणतो, “काका, मला गुडघेदुखी आहे. ‘तू बसून राहा’ म्हणाले असते तर मीही खूष झालो असतो.” यावर काय बोलणार? तरी मी बोललो. आवाज जरा चढला असेल. मग एक दांडगा सुरक्षारक्षक आला, त्याने मला दंडाला धरून मैदानाच्या पार टोकाला, कोपऱ्यात नेऊन उभं केलं आणि म्हणाला, “आजोबा, इथून हललात तर थेट बाहेर.” (आजोबा! मी अडुसष्टचा आहे, त्याचे स्वतःचे केस माझ्यापेक्षा कमी होते.)

पण ताई, देव त्या रक्षकाचं भलं करो, कारण म्हणून मला ते समोरून दिसलं. तिसरा क्वार्टर. डेव्हरोचे अडतीस, आपले शून्य. आता आपली पाळी म्हणून त्यांनी चेंडू आपल्याकडे लाथाडला, आणि तो कोल्बीच्या हातात आला. आपल्या चार यार्डांच्या रेषेवर, डावीकडे (डावीकडे, लक्षात ठेव). पहिल्यांदा चेंडू त्याच्या छातीवर आपटून उडाला, मग त्याने धरला. दोन पावलं मागेच गेला. मी डोळे मिटणार होतो. इतक्यात आपल्या त्या जाड्या पोराने, चौसष्ट नंबरच्या, दोघांना एकदम आडवं पाडलं, मधे जागा झाली आणि कोल्बी तिथून जो सुटला! तीस यार्डांवर एकाने त्याचा सदरा धरला. सदरा फाटला, पोरगा नाही थांबला. पन्नासच्या पुढे त्याच्यासमोर फक्त लाथ मारणारा तो किडकिडीत पोरगा उरला होता, तो बिचारा स्वतःच घसरून बसला. शेवटचे वीस यार्ड कोल्बी तोंड उघडं टाकून पळत होता, सहा वर्षांचा असताना हंसाने पाठलाग केला होता ना, तसाच. शहाण्णव यार्ड! थेट त्यांच्या शेवटच्या रेषेपार, टचडाउन! साठ हजार डेव्हरोवाले गप्प, आणि आमच्या बसमधली एक्केचाळीस माणसं बोंबलत होती. मी रक्षकाला मिठी मारली. मी रडलो, ताई. सांगायला कसली लाज?

आणि हे सगळं होत असताना तुझ्या टीव्हीवर काय होतं? जाहिरात! कसली, ते महत्त्वाचं नाही. जाहिरात ती जाहिरात. परत आले तेव्हा पडद्यावर डेव्हरोच्या प्रशिक्षकाचा लांबट चेहरा, आणि निवेदक म्हणतो, डेव्हरोकडून किरकोळ चूक. किरकोळ! आपल्या पोराच्या आयुष्यातला एकुलता एक टचडाउन म्हणजे त्यांची किरकोळ चूक! पुन्हा दाखवायला त्यांच्या बापाचं काय जात होतं? पण नाही, पुन्हा कुत्रा. गावात चौघांनी मॅच कॅसेटवर उतरवून घेतली आहे, चारही कॅसेटींत तेच. मी चॅनेलला तीन पानी पत्र लिहिलंय, आमच्या भागाच्या खासदाराला दोन पानी, आणि पाद्रीसाहेबांना पुढच्या रविवारी लोभ या विषयावर बोलायला सांगितलंय. पैशासाठी म्हातारीच्या डोळ्यांपुढून तिचा नातू काढून घेणाऱ्यांचं कधी भलं होणार नाही.

तब्येतीला जप. जेली नको असली तर स्पष्ट नको म्हण, संकोच करू नकोस.

तुझा भाऊ,
डेलमर

ता. क. — ओहायोतून चुलतभाऊ ऑर्विलचा फोन आला होता. त्याने ती धाव पाहिली. पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत. असं दिसतंय की बाकीच्या देशात चॅनेल जाहिरातीवरून वेळेवर परत आलं होतं. फक्त आपल्या भागातल्या केबलवर शेवटची जाहिरात जरा लांबली.

ता. क. २ — ती जाहिरात तू पाहिलीच आहेस, तेव्हा लपवून काय करू. हो, टायरांच्या ढिगावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून बसलेला तो मीच होतो. कोल्बीच्या मॅचमध्ये आपल्या टायरच्या दुकानाचं नाव झळकावं, एवढीच हौस होती गं. केबलवाला पोटतिडकीने सांगत होता की जाहिरात तीस सेकंदांचीच हवी, दुकानाचा फोन नंबर एकदाच म्हणा. मीच हट्टाने दोनदा म्हटला, दुसऱ्यांदा सावकाश. व्हर्नाने घड्याळ लावून पाहिलं: दुसऱ्यांदा नंबर सांगायला मला तेरा सेकंद लागतात. कोल्बीला शहाण्णव यार्डांना तेराच लागले. तू फोनवर एका शब्दाने बोलली नाहीस, त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं. चुकलो, ताई.

ता. क. ३ — आता खरं काम. मॅचनंतर कोल्बीने मला पहिला प्रश्न हाच विचारला, “आजीने पाहिलं का?” त्याचं तोंड बघून मला नाही म्हणवेना. मी म्हणालो, सगळं पाहिलं. तो तुला रविवारी चर्चनंतर फोन करणार आहे, म्हणून वर इतकं बारीक लिहिलंय; दोन-तीनदा वाच आणि पाठ कर. एक गोष्ट वर लिहिली नाही, ती इथे लिहितो. टचडाउन झाल्यावर तो नाचला नाही, चेंडूही आपटला नाही. कॅमेऱ्यासमोर गेला आणि हेल्मेटच्या भोकात बोट घालून स्वतःचा कान धरायला लागला. तू त्याला शेजाऱ्यांच्या पीचच्या झाडावरून उतरवून कान धरून घरी आणायचीस ना, तसा. (संघाचा डॉक्टर धावत आला, त्याला वाटलं पोराच्या कानाला लागलं.) ते तुझ्यासाठी होतं, आणि तो नक्की विचारणार, “आजी, शेवटी मी काय केलं?” लगेच उत्तर देऊ नकोस, जरा त्याला ताटकळत ठेव, आणि मग सांग की डावा कान होता. तेव्हा तुला रडू आलं तर येऊ दे, तेवढं काही खोटं असणार नाही.